पोटगीची ऑर्डर हातात आहे, पण पैसे कुठेत?

घटस्फोट झाला, मूल आईकडे राहिलं, कोर्टाने बापाला सांगितलं की महिन्याला इतके इतके दे, तीन-चार महिने पैसे आले आणि मग बंद. म्हापश्यात काय, फोंड्यात काय नि काणकोणात काय, हे इतकं कॉमन आहे की कोर्टाच्या व्हरांड्यात अर्धा तास उभं राहिलात तरी कानावर येईल. आणि पैसे बंद झाले की बहुतेक बायका पहिलं काम करतात ते म्हणजे वाट बघतात. चतुर्थीला देईल, बोनस झाला की देईल, बोटीवरून उतरला की देईल, सासू चांगली आहे ती त्याला सांगेल. असं करता करता वर्ष जातं. कायद्यात नेमकं हे वर्षच महत्त्वाचं आहे. ऑर्डर म्हणजे पैसे नव्हेत, ऑर्डर म्हणजे पैसे मागायचा हक्क, आणि तो हक्क कोर्टात परत परत जाऊन वापरावा लागतो, आपोआप कोणी वसूल करून घरी आणून देत नाही. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहितेय.

आधी गोव्याचा घोळ मिटवू. यूट्यूबवर मराठीत पोटगी शोधलं की सगळे व्हिडिओ महाराष्ट्रातले, त्यात हिंदू विवाह कायदा कलम 24, कलम 25 असं चालू असतं. आपल्याकडे तो कायदा लागूच केलेला नाही. 1961 ला पोर्तुगीज गेले पण त्यांचे कौटुंबिक कायदे राहिले, 1867 ची नागरी संहिता आणि 1910 चा घटस्फोटाचा कायदा, आणि ते हिंदू, कॅथलिक, मुसलमान सगळ्यांना. त्यामुळे गोंयकाराचा घटस्फोट सिव्हिल कोर्टात या कायद्याखाली होतो. (लग्न चर्चमधे लागलंय, किंवा महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात लागलंय आणि नंतर इथे राहायला आलात, तर तुमचं गणित वेगळं असू शकतं, ते वकिलाला कागद दाखवूनच विचारा.)

पण मुलाच्या पोटगीचा जो मेन रस्ता आहे तो सगळ्या देशात एकच, धर्म कुठलाही असो. त्याला लोक अजून वन ट्वेंटीफाइव्ह म्हणतात, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम 125. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलंय, आतला मजकूर बहुतेक तोच. जुनी 125 ची ऑर्डर असेल तर ती रद्द झालेली नाही, कोणी तसं सांगून घाबरवत असेल तर ऐकू नका. हा अर्ज जेएमएफसी कोर्टात करायचा, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे, आणि आई जिथे राहते तिथल्या कोर्टातही करता येतो, म्हणजे माहेर डिचोलीला असेल तर त्याच्या गावाला काणकोणपर्यंत तारखा घेत धावायची गरज नाही. लग्नाबाहेरचं मूल असलं तरी त्याला हा हक्क आहे.

आता एक वाद खास आपल्याकडचा. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात, दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा. तर घटस्फोटानंतर बाप म्हणतो, हिला घरात अर्धा वाटा मिळतोय, आता मी आणखी कशाला देऊ. नाही हो बाबा. तो वाटा तिचा, बायको म्हणून. पोटगी मुलाची. मुलगी सातवीत आहे, तिची फी, तिचं दप्तर, तिचा दातांचा डॉक्टर, हे आईच्या अर्ध्या वाट्यातून वळते होत नाहीत. तसंच उलट बाजूने, घटस्फोटाच्या कागदावर आईने वैतागून लिहून दिलं की मला काही नको मुलाला पण काही नको, तरी मुलाचा हक्क त्याने जात नाही, कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. स्वतःचं सोडायचं तर सोडा, मुलाचं सोडायला तुम्ही मालक नाही.

किती मिळतं याला ठरलेला रेट नाही. पंचवीस टक्के पंचवीस टक्के असं जे ऐकू येतं ते सुप्रीम कोर्टाने 2017 मधे एका बायकोच्या पोटगीच्या केसमधे निव्वळ पगाराच्या 25 टक्के योग्य वाटतात असं म्हटलं होतं तिथून आलंय, तो मुलांसाठीचा नियम नाही. 2020 च्या नोव्हेंबरमधे रजनेश विरुद्ध नेहा या केसमधे सुप्रीम कोर्टाने सगळ्या देशासाठी पद्धत घालून दिली, ती माहीत असलेली बरी. दोघांनीही आपलं उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यायचं, ठरलेल्या नमुन्यात. अंतरिम अर्ज (केस चालू असताना तात्पुरते पैसे मिळावेत म्हणून केलेला) चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नव्हे. मुलाच्या खर्चात फी, क्लास, औषधपाणी, कपडे सगळं धरायचं, आई कमावती असेल तर दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटून. म्हणजे आई शिक्षिका आहे म्हणून बाप सुटला असं होत नाही, पण सगळं त्याच्याच डोक्यावर असंही नाही.

ते चार ते सहा महिने कागदावर. प्रत्यक्षात समन्स लागत नाही, वकील आजारी, पुढची तारीख, मे महिन्याची सुट्टी. तरी अर्ज लवकर टाकायचा तो एवढ्यासाठीच, की कितीही रखडलं तरी मीटर अर्जाच्या तारखेपासून पडतं.

खरा खेळ त्या शपथपत्रात असतो. पगारदार माणूस सोपा, स्लिप आहे, बँक आहे. गोव्यात निम्मे लोक पगारदार कुठेत? टूरिस्ट टॅक्सी आहे पण भावाच्या नावावर. रेंट-अ-बाइकच्या पाच स्कूटर आहेत, कागदावर दोन. शॅक (किनाऱ्यावरचं झोपडीवजा हॉटेल) आईच्या नावावर आणि हा तिथे फक्त 'मदत करतो'. वरच्या दोन खोल्या सीझनला भाड्याने जातात, रोख. कोर्टात येऊन हा माणूस सांगतो मला महिन्याला आठ हजार सुटतात. अशा वेळी कोर्टासमोर त्याचं राहणीमान ठेवावं लागतं, आणि ते तुम्हालाच गोळा करावं लागतं. गाडीचा नंबर, कर्जाचा हप्ता किती जातो (बारा हजार हप्ता भरणारा माणूस आठ हजार कमावत नसतो), खोल्यांची ऑनलाइन जाहिरात, त्याने स्वतःच टाकलेले बँकॉकचे फोटो. सगळं तारखेसकट. आणि अगदीच 'मी बेकार आहे' म्हणाला तर सुप्रीम कोर्टाने 2022 मधे अंजू गर्गच्या केसमधे स्पष्ट सांगितलंय की धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायकामुलांना पोसायचं, ही सबब चालत नाही.

बोटीवरच्या लोकांचं वेगळंच. कॉन्ट्रॅक्ट चालू असतं तेव्हा पगार चांगला, घरी असतो तेव्हा शून्य, आणि कोर्टात शपथपत्र नेमकं घरी असतानाच्या महिन्यातलं. तेव्हा वर्षभराचा हिशेब मागायचा, बँक खात्याची मोठ्या काळाची स्टेटमेंट मागायची, एकाच महिन्याची नाही.

बरं, ऑर्डर झाली. आता पैसे नाहीत. इथे मी एक उदाहरण धरते, आकडे मनचे आहेत. अर्ज केला जून 2023 ला, ऑर्डर झाली ऑगस्ट 2024 ला, महिन्याला 7,000, अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे ऑर्डरच्या दिवशीच जून ते पुढच्या वर्षीचा ऑगस्ट, 15 महिन्यांचे 1,05,000 डोक्यावर. त्यानंतर त्याने सप्टेंबर ते डिसेंबर तीन-तीन हजार जीपे केले आणि थांबला. डिसेंबरअखेर देणं 19 महिन्यांचं 1,33,000, आले 12,000, बाकी 1,21,000. हा हिशेब एका साध्या वहीत पाच रकान्यांत लिहायचा, महिना, देणं, आलं, कधी आलं, बाकी. वकिलाकडे ही वही घेऊन गेलात तर अर्ज एका बैठकीत होतो, नाहीतर नुसतं 'तो काहीच देत नाही हो' म्हणत बसलात तर वकील पण काय लिहिणार. आणि तीन हजार आले की गप्प बसायचं नाही, लगेच मेसेज टाकायचा, 'सप्टेंबरचे 3,000 मिळाले, 4,000 बाकी'. हा एक मेसेज पुढे फार कामाला येतो, कारण नंतर तो हमखास म्हणतो की आमचं तीन हजारावर ठरलं होतं.

आता ते वर्ष. कलम 144 खाली थकबाकीसाठी वॉरंट मागायचं तर ती रक्कम देणं लागल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. वरच्या उदाहरणात ऑगस्ट 2024 चा मोठा आकडा ऑगस्ट 2025 च्या आत मागायला हवा, सप्टेंबरचे उरलेले चार हजार पुढच्या सप्टेंबरच्या आत, असं पुढे सरकत जातं. वर्ष उलटलं म्हणून देणं बुडालं असं नाही, सुप्रीम कोर्टाने 2013 च्या पूनगोडी केसमधे सांगितलंय की ही मुदत वसुलीच्या त्या झटपट पद्धतीला आहे, हक्काला नाही, आणि एकदा वेळेत अर्ज टाकला की तो चालू असताना पुढची थकबाकी त्यातच जोडून मागता येते. पण वर्ष गेलं की वॉरंटचा हा रस्ता त्या रकमेपुरता अवघड झाला हे धरूनच चाला. म्हणून मी तर म्हणते तीन महिने थकले की अर्ज टाका, चवथ्याची वाट कशाला.

अर्ज टाकल्यावर कोर्ट आधी वॉरंट काढतं, दंड वसूल करतात तशी वसुली, म्हणजे त्याची जंगम मालमत्ता जप्त करून, किंवा कलेक्टरकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. त्यानेही पैसे आले नाहीत तर जेल, एका महिन्याच्या थकबाकीला जास्तीत जास्त एक महिना, आणि मधेच भरले तर लगेच सुटका. दहा महिने थकलेत तर एकाच अर्जावर दहा महिने आत ठेवता येतं का, यावर निरनिराळ्या हायकोर्टांचं एकमत नाही. पण एक पक्कं आहे. जेलमधे जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही. 1989 साली कुलदीप कौर केसमधे सुप्रीम कोर्टाने हे सांगून ठेवलंय, जेल हे पैसे काढायचं साधन, पैसे फेडायचं नव्हे. तरी आपल्याकडे अजून 'महिनाभर बसून येईन पण तिला एक पै देणार नाही' म्हणणारे भेटतात, आणि पोलीस न्यायला दारात आले की त्याच संध्याकाळी भावाकडून, सोसायटीकडून, कुठून कुठून पैसे उभे राहतात.

दुसरा रस्ता, घटस्फोटाच्या डिक्रीतच, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्यातच, मुलाची रक्कम लिहिलेली असेल तर. मग सिव्हिल कोर्टात एक्झिक्युशन लावायचं, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, जुने लोक दरखास्त म्हणतात ते. इथे मुदत बारा वर्षं, प्रत्येक हप्ता चुकला त्या तारखेपासून. हे हळू चालतं पण पगारदारावर जबरदस्त चालतं, कारण साध्या कर्जाच्या डिक्रीत पगाराचा थोडाच भाग जप्त होतो, पोटगीच्या डिक्रीत मात्र एक तृतीयांश त्याला ठेवून बाकी दोन तृतीयांशपर्यंत जप्त करता येतो. बँक खातंही गोठवता येतं, फक्त खातं कुठलं ते माहीत हवं. म्हणून लग्न मोडायच्या आधी घरात असलेल्या जुन्या चेकचा, पासबुकाचा एक फोटो मोबाइलमधे असू द्या, बाकी काही नको. कलम 144 खालची ऑर्डर सुद्धा पैशाच्या डिक्रीसारखी वसूल करता येईल असं रजनेशच्या निकालात आहे.

आणि तिसरा, जो मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतो आणि जो फार कमी लोक वापरतात. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, त्यात नुसती मारहाण नाही, पैसे अडवणं पण हिंसाचारात येतं, आणि नंतर घटस्फोट झाला म्हणून आधीची जबाबदारी पुसली जात नाही. या कायद्याच्या कलम 20 खाली मुलासाठी पैसे मिळतात आणि तो देत नसेल तर मॅजिस्ट्रेट थेट त्याच्या मालकाला, म्हणजे कंपनीला, हॉटेलला, आदेश देऊ शकतो की याच्या पगारातला इतका भाग परस्पर हिला द्या. पगारच नाही, ज्याच्याकडून त्याला येणं आहे त्यालाही. म्हणजे त्याच्या भाडेकरूचं भाडं, कॉन्ट्रॅक्टरकडून यायचं बिल. नवऱ्याच्या मागे धावण्यापेक्षा पैसा जिथून निघतो तिथेच हात घालायचा. दोन-तीन कायद्यांखाली अर्ज केला तर रकमेची बेरीज होत नाही, एकात मिळालेलं दुसऱ्यात वळतं करतात, म्हणून दुसऱ्या अर्जात पहिल्या ऑर्डरचा उल्लेख करायलाच हवा, लपवलं तर आपलंच तोंड काळं होतं.

माणूस देशाबाहेर असेल तर खरंच कठीण आहे, गोड बोलण्यात अर्थ नाही. भारतीय पासपोर्ट असेल आणि कोर्टाचं वॉरंट निघालेलं असेल तर पासपोर्ट ऑफिसला कळवून पासपोर्ट जप्त करायची कायद्यात तरतूद आहे, बोटीवर जाणाऱ्याला ही भीती पुरेशी असते. पण आपल्याकडे कितीतरी लोक पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला, स्विंडनला गेलेत, त्यांच्यापुढे हे हत्यार बोथट. देशादेशांत मुलांची पोटगी वसूल करायचा 2007 चा हेग करार आहे, त्यात ब्रिटन आहे, पोर्तुगाल आहे, भारत नाही. मग उरतं काय तर त्याचा इथला हिस्सा, वडिलोपार्जित घर, जमीन, आणि तो सुट्टीवर येतो तो महिना. तारखा आधी कळल्या तर वॉरंट त्याच वेळी तयार ठेवता येतं. एक लक्षात ठेवा, तो मुद्दाम टाळतोय असं कोर्टाला वाटलं तर त्याच्या गैरहजेरीत निकाल होऊ शकतो, मग तीन महिन्यांत येऊन तो योग्य कारण दाखवून रद्द करून मागू शकतो, त्यामुळे समन्स पाठवल्याचे पुरावे नीट हवेत.

बापांसाठी पण दोन गोष्टी, कारण सगळेच काही बदमाश नसतात. 2012 ला आणि परत 2018 ला मायनिंग बंद झालं तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरात खरंच चूल पेटायची पंचाईत होती. अशा वेळी रक्कम कमी करून मागता येते, कलम 146 खाली, परिस्थिती बदलली म्हणून. पण अर्ज करून. स्वतःच्या मनाने सातचे तीन केले तर उरलेले चार थकबाकीतच जातात, कारण कितीही खरं असलं तरी. दुसरं, मुलाला सायकल घेतली, चतुर्थीचे कपडे घेतले, ते प्रेम झालं, ते पोटगीत धरायचं नसतं. फी थेट शाळेत भरायची असेल तर तसं ऑर्डरमधे लिहून घ्या. आणि रोख कधीही देऊ नका, मामाच्या हातात तर मुळीच नको.

भेटीचं भांडण तर प्रत्येक केसमधे. 'मुलाला भेटू देत नाही मग पैसे कशाला', आणि इकडून 'पैसे देत नाही मग भेटायला कशाला'. दोन्ही चूक, दोन्ही वेगळे अर्ज. भेट अडवली तर भेटीचा अर्ज करा, पैसे अडवले तर पैशाचा. रविवारी चार तास बापाबरोबर मिरामारला जाणं हा त्या पोराचा हक्क आहे, त्याची किंमत सात हजार नाही.

कलम 144 ची पोटगी मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत (शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःला पोसू शकत नसेल तर पुढेही). आता अठरा पूर्ण कधी होतात, तर साधारण बारावीच्या आसपास, म्हणजे कॉलेजचा खर्च सुरू होतो तिथेच पैसे बंद. आधीची थकबाकी मात्र नंतरही मागता येते. यावर उपाय एकच, संमतीने घटस्फोट घेताना अटींमधे लिहून घ्या की पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत, आणि दर वर्षी इतके टक्के वाढ, आणि कुठल्या तारखेला कुठल्या खात्यात. तिसरीतल्या मुलासाठी ठरवलेले पाच हजार तो दहावीत गेल्यावर कुठे पुरणार, मग वाढीसाठी परत अर्ज, परत तारखा.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर बाईला आणि मुलाला सरकारी मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्यातच आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, फोन करायचा तर 15100. तिथून बरेचदा लोकअदालतीत बसवतात, तडजोड होते, चांगलंही आहे कारण पैसे लवकर हातात येतात. पण लोकअदालतीचा निवाडा सिव्हिल डिक्रीसारखा असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी कागदावर 'मागील सर्व थकबाकी मिळाली' किंवा 'यापुढे काही मागणार नाही' असली ओळ घुसलीय का ते बघा, मुलाच्या रकमेचा आकडा वेगळा लिहिलाय का ते बघा, आणि तो 1,21,000 मधले साठ हजार देऊन मिटवू म्हणत असेल तर ते साठ हजार त्याच दिवशी खात्यात आल्याशिवाय पेन उचलू नका.